स्वभावाची पैदास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे. कुणी एखादा निष्कर्ष सांगितला की ते विचारायचे, ‘हे कळलं कसं?’ आज ज्या प्रयोगाबद्दल बोलणार आहे त्याचा निष्कर्ष तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर आला असेल. रशियातल्या शास्त्रज्ञांनी खोकडांची, थोड्याच पिढ्यांत, कुत्र्यासारखी प्रेमळ जात तयार केली, असा तो निष्कर्ष. पण ते कसं केलं, त्यातून काय सिद्ध झालं आणि काय सिद्ध झालं नाही, हे क्वचितच कुणी सांगतं.

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. या प्रयोगात प्राण्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं उत्तर देता देता त्यांचं अख्खं शरीर बदललं. दुसऱ्या प्रयोगशाळांनी वेगळे प्रश्न विचारले, तिथे वेगळी शरीरं घडली. तेव्हा प्रश्न बाजूला टाकून नुसतं उत्तर उचलता येत नाही. माणसांच्या बाबतीत ते उचललं गेलं आहे, आपल्याच मुलखात. त्याबद्दल शेवटी बोलेन.

दिमित्री बेल्यायेव यांचा जन्म १९१७ सालचा, रशियातल्या कोस्त्रोमा भागातल्या एका खेड्यातला. वडील पाद्री. थोरला भाऊ निकोलाय हा रेशीमकिड्यांवर काम करणारा नावाजलेला आनुवंशिकीतज्ज्ञ होता. स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली त्याला पकडून गोळ्या घालण्यात आल्या. भावाचं शास्त्र तेच आपलं, असं ठरवणं त्या काळात किती धोक्याचं होतं याची कल्पना आज करणंही कठीण आहे. दिमित्रींनी ते ठरवलं. महायुद्धात लढून ते मॉस्कोतल्या फर देणाऱ्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेत परतले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सत्तेच्या मर्जीतल्या लिसेंको या कृषितज्ज्ञाने कृषी अकादमीच्या अधिवेशनात मेंडेलच्या आनुवंशिकीला खोटं शास्त्र ठरवलं. शेकडो संशोधकांच्या नोकऱ्या गेल्या. बेल्यायेव यांचं विभागप्रमुखपदही गेलं, पण प्रयोगशाळा सुटली नाही. फर हे देशाला परकीय चलन मिळवून देणारं उत्पादन होतं, आणि त्या प्राण्यांची पैदास जाणणारी माणसं सरकारला हवी होती.

याच कामात त्यांच्यासमोर एक जुना प्रश्न उभा राहिला. डार्विननेही त्याच्यावर पानंच्या पानं खर्ची घातली होती. कुत्रा, गाय, डुक्कर, घोडा, शेळी, ससा हे एकमेकांपासून किती वेगळे प्राणी! पण पाळीव झाल्यावर त्यांच्यात तीच तीच लक्षणं दिसू लागतात. अंगावर पांढरे ठिपके येतात, कान लोंबतात, शेपटी वळते, तोंड आखूड होतं, विणीचा ठरलेला हंगाम सैल पडतो. रानटी प्राण्यांत लोंबते कान असलेला हत्ती सोडला तर दुसरा चटकन सांगता येणार नाही. मग हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी इतकी सगळी लक्षणं एकेक करून निवडली का? बेल्यायेव यांचा अंदाज वेगळा होता. माणसाने निवडली ती फक्त वागणूक. जो प्राणी माणसाला बुजत नाही, अंगावर येत नाही, तो राखला. बाकीचं सगळं त्या एका निवडीच्या मागोमाग आलं.

हा अंदाज तपासायचा तर प्रयोग हवा, आणि आनुवंशिकीचं नाव काढायला बंदी. म्हणून कागदोपत्री तो खोकडांच्या शरीरक्रियेचा अभ्यास झाला. एस्टोनियातल्या कोहिला इथल्या फर फार्मवर नीना सोरोकिना यांनी १९५० च्या दशकात लहान प्रमाणावर सुरुवात करून दिली. १९५८ मध्ये बेल्यायेव सायबेरियात, नोव्होसिबिर्स्कजवळच्या नव्या विज्ञाननगरीत गेले. पुढच्याच वर्षी लिसेंकोला मानणारे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह तिथे येऊन गेले आणि तिथल्या संशोधन संस्थेचे पहिले संचालक दुबिनिन यांना पद सोडावं लागलं. ती जबाबदारी बेल्यायेव यांच्याकडे आली आणि १९८५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. प्रयोगाचं रोजचं काम मात्र एका तरुण बाईंनी उचललं. मॉस्को विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ल्युदमिला त्रुत यांनी. २०२४ साली त्या गेल्या, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी. एका प्रयोगाला पासष्ट वर्षं देणारी माणसं विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत. म्हणून हा प्रयोग मी बेल्यायेव आणि त्रुत या दोघांचा मानतो.

आता प्रयोगाकडे येऊ. प्राणी निवडला रुपेरी खोकड. तांबड्या खोकडाचाच हा काळा प्रकार, केसांवर तेवढी रुपेरी झाक. आपल्या माळरानावरचं खोकड याचा चुलतभाऊ. फार्मवरच्या खोकडांमधून ३० नर आणि १०० माद्या घेतल्या. ही खोकडं पिंजऱ्यातच जन्मलेली होती, पण माणूस जवळ आला की बहुतेक गुरगुरायची, कोपऱ्यात दबून बसायची किंवा झेप घेऊन चावायची. जाड हातमोज्यांशिवाय कामगार त्यांना हात लावत नसत.

कसोटी साधी होती. पिल्लू महिन्याचं झालं की माणूस पिंजऱ्यापाशी येऊन खाऊ पुढे करी आणि त्याच वेळी त्याला हात लावू पाही. दर महिन्याला पुन्हा तेच. सात-आठ महिन्यांचं होईपर्यंत त्याची प्रतवारी ठरलेली असे. पळणारी, चावणारी तिसऱ्या वर्गात. हात लावू देणारी पण जिव्हाळा न दाखवणारी दुसऱ्या वर्गात. शेपटी हलवणारी, कुंईकुंई करणारी पहिल्या वर्गात. पुढची पिढी निपजवायला नरांतले शंभरात चार-पाचच राखले जात, माद्यांतल्या वीसेक. खोकडांना शिकवायचं नाही, लळा लावायचा नाही, कसोटीपुरताच माणसाचा सहवास, हा नियम कडक होता. लळा लावून माणसाळलेला प्राणी आणि रक्तातून माणसाळलेला प्राणी यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला अशी निवड अनोळखी नाही. मारका गोऱ्हा वळू म्हणून राखत नाहीत, त्याला वेळेवर खच्ची करतात. फरक इतकाच, की शेतकरी एकाच वेळी दहा गोष्टी बघतो. चाल, वशिंड, शिंगं, रंग, दम, सगळंच. त्यामुळे कोणता बदल कशामागून आला हे सांगता येत नाही. बेल्यायेव यांनी मुद्दाम एकच गोष्ट बघितली.

सहाव्या पिढीत असं घडलं की तीन वर्ग पुरेनात. काही पिल्लं महिन्याच्या आतच माणसाकडे धाव घेऊ लागली, हात चाटू लागली. त्यांच्यासाठी ‘निवडक’ असा वेगळा वर्ग करावा लागला. दहाव्या पिढीत अशी पिल्लं शंभरात १८ होती, विसाव्या पिढीत ३५. चाळीस वर्षं होईपर्यंत हे प्रमाण ७० ते ८० वर गेलं. तोवर सुमारे ४५,००० खोकडं या कसोटीतून गेली होती. १९७४ मध्ये त्रुत पुशिंका नावाच्या एका मादीबरोबर फार्मवरच्या छोट्या घरात राहायला गेल्या. पुशिंका तिथेच व्याली. त्या उन्हाळ्यात एका रात्री परका माणूस जवळ येतोय असं वाटून ती भुंकत धावली, राखणदार कुत्र्याने धावावं तशी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आठव्या ते दहाव्या पिढीपासून शरीरावरचे बदल नजरेत भरू लागले. कपाळावर पांढरी चांदणी, अंगावर पांढरे पट्टे, लोंबते कान, वळलेली शेपटी. पुढे काहींच्या शेपट्या आणि पाय आखूड झाले. गोष्ट इथे येते तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात, आणि नेमकं इथेच जरा थांबायला हवं. त्रुत यांनी १९९९ मध्ये स्वतःच आकडे छापले होते. चांदणी माणसाळलेल्या खोकडांत लाखात १२,४०० जणांना, तर न निवडलेल्यांत ७१० जणांना. वळलेली शेपटी ९,४०० विरुद्ध ८३०. हे फरक खरोखर मोठे आहेत. पण लोंबते कान? माणसाळलेल्यांत लाखात २३०, न निवडलेल्यांत १७०. ज्या कानांची छायाचित्रं जगभर फिरली, ते कान त्या जातीतही फार दुर्मिळ आहेत. बेल्यायेव यांचा अंदाज यामुळे खोटा ठरत नाही, पण सगळी लक्षणं एका दोरीत बांधलेली आहेत, असंही म्हणता येत नाही.

मला विचाराल तर या प्रयोगाचा गाभा कानांत किंवा ठिपक्यांत नाही. तो पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे.

कुठल्याही सस्तन प्राण्याच्या पिल्लाला जन्मल्यावर थोडे दिवस असे मिळतात, की समोर जे येईल ते त्याला आपलं वाटतं. पुढे भीतीची प्रतिक्रिया जागी होते आणि ती मुदत संपते. त्या मुदतीत ज्यांची ओळख झाली ते आपले, बाकीचे परके. फार्मवरच्या साध्या खोकडांत ही भीती साधारण सहाव्या आठवड्यात जागी होते. माणसाळलेल्या खोकडांत ती नवव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याहून पुढे लांबली. दुसऱ्या टोकाला त्यांचे डोळे एक दिवस आधी उघडू लागले आणि आवाजाला प्रतिसाद दोन दिवस आधी मिळू लागला. जग आधी दिसायला लागलं आणि जगाची भीती उशिरा वाटायला लागली. निवड झाली ती पिल्लाच्या वेळापत्रकाची.

हे वेळापत्रक चालवणाऱ्या यंत्रणेतला एक मोठा भाग मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा. संकट समोर आलं की मेंदूतून निरोप निघतो, तो पियूषिका ग्रंथीमार्गे तिथे पोचतो, आणि रक्तात कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात. साध्या खोकडांत ही पातळी दोन ते चार महिन्यांच्या वयात झपाट्याने चढते. माणसाळलेल्यांत तो चढ लांबला. बारा पिढ्यांच्या निवडीनंतर या संप्रेरकांची पातळी निम्मी झाली, आणि अठ्ठावीस-तीस पिढ्यांनंतर पुन्हा निम्मी. मेंदूत सेरोटोनिन जास्त सापडलं. सेरोटोनिनचा संबंध आवेग आवरण्याशी आहे. विणीवरही परिणाम झाला. ही खोकडं साधारण महिनाभर आधी वयात येऊ लागली, एका वेतात सरासरी एक पिल्लू जास्त होऊ लागलं, आणि काही माद्या हंगामाबाहेरही माजावर येऊ लागल्या. हात पुढे केल्यावर चावतो की नाही, एवढंच तपासणारी कसोटी, आणि हललं ते रक्त, मेंदू आणि गर्भाशय. आपण स्वभाव म्हणतो ती शरीराबाहेरची काही वेगळी गोष्ट आहे, असं मानणाऱ्यांनी या नोंदी शांतपणे वाचाव्यात.

१९७० च्या सुमाराला उलटी निवडही सुरू झाली. त्याच फार्मवर, त्याच कसोटीने, पण जास्तीत जास्त अंगावर येणारी खोकडं निवडायची. या जातीची चर्चा फारशी होत नाही, छायाचित्रं त्याहून कमी. तिच्याशिवाय मात्र पहिल्या जातीचा अर्थ लागत नाही. त्या खोकडांच्या पिंजऱ्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी ती जाळीवर उसळतात, दात दाखवतात. आवाजही वेगळा. दोन्ही जातींच्या आवाजांचा अभ्यास झाला आहे. माणसाळलेली खोकडं माणसाला पाहून एक खळखळता आणि धापेसारखा आवाज काढतात. आक्रमक खोकडं खोकल्यासारखा आणि फुरफुरणारा. एकमेकांशी वागताना दोन्ही जाती जवळपास सारखेच आवाज काढतात. म्हणजे निवडीने त्यांचं सगळं बोलणं बदललं नाही, माणसाशी बोलणं बदललं.

आईकडून पिल्लू वागणं शिकत असेल, हा आक्षेप इथे स्वाभाविक होता. त्रुत यांनी तो तपासला तो असा: गाभण मादीच्या पोटातले काही गर्भ काढून दुसऱ्या जातीच्या गाभण मादीत ठेवले. आक्रमक आईच्या पोटी माणसाळलेल्या जातीची पिल्लं वाढली, आणि उलटही. रंगावरून कोणतं पिल्लू कुणाचं ते ओळखता येई. जन्मानंतर काय दिसलं? जेमतेम चालू लागलेली माणसाळलेल्या जातीची पिल्लं माणूस आला की शेपट्या हलवत जाळीकडे धावायची. त्यांची आक्रमक आई चिडून गुरगुरायची, मानगूट धरून त्यांना पुन्हा घरट्यात टाकायची. पिल्लं पुन्हा धावायची. आईचा धाक, आईचं दूध, आईचा वास, काहीही त्यांना आडवं आलं नाही.

हे आनुवंशिकतेचं स्पष्ट दर्शन आहे. पण ते कशामुळे शक्य झालं हे नीट लक्षात ठेवा: शंभरातल्या चार-पाच नरांनाच प्रजननाची परवानगी, प्रत्येकाच्या वंशाची नोंद, सगळ्यांना सारखंच खाद्य, सारखाच पिंजरा, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच कसोटी. यातली एक अट जरी काढून घेतली तरी हा निष्कर्ष उभा राहत नाही.

बेल्यायेव यांच्या संस्थेत हाच प्रश्न उंदरांनाही विचारला गेला. १९७२ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिसरातून पकडलेल्या करड्या घुशीवजा उंदरांचे दोन गट केले. हातमोजा घातलेला हात पुढे करायचा. एका गटात शांत राहणारे निवडायचे, दुसऱ्यात हल्ला करणारे. पुढे जर्मनीत लाइपझिगला या दोन जातींचा संकर करून सातशेहून अधिक नातवंडं तपासली गेली. गुणसूत्रांवरच्या, माणसाळण्याशी जोडलेल्या दोन जागा ठळक सापडल्या, आणि त्याच जागा अधिवृक्क ग्रंथीच्या वजनाशीही जोडलेल्या निघाल्या. खोकडांत जी साखळी दिसली होती, ती उंदरांत आनुवंशिक पातळीवर भेटली. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची जागा मात्र तिसरीच, आणि तिचा माणसाळण्यावर काही ठळक परिणाम नाही. उंदरांमध्ये तरी ठिपके आणि स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टी ठरल्या.

आता प्रश्न बदलल्यावर काय होतं ते पाहू. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे १९७० च्या दशकात रानटी घरउंदरांची निवड सुरू झाली. तिथे माणसाचा हात नव्हता. नर उंदराच्या पिंजऱ्यात परका नर सोडायचा आणि पहिला हल्ला किती वेळाने होतो ते मोजायचं. चटकन तुटून पडणाऱ्यांची एक जात, उशीर लावणाऱ्यांची दुसरी. ही आक्रमकता खोकडांच्या आक्रमकतेहून निराळी आहे. पिंजऱ्यातलं खोकड भीतीने चावतं. ग्रोनिंगेनचा उंदीर आपली जागा राखायला चावतो. तिथे तणावाच्या संप्रेरकांची प्रतिक्रिया जास्त तीव्र निघाली ती हल्ल्याला उशीर लावणाऱ्यांत. नोव्होसिबिर्स्कच्या अगदी उलट. एक लहानसा प्रयोग मला फार बोलका वाटतो. दोन्ही जातींना एका भूलभुलैयातून जायला शिकवलं आणि मग वाटेवर फरशीला एक चिकटपट्टी लावली. हल्लेखोर जातीच्या उंदरांनी तिची दखलच घेतली नाही, ठरलेल्या वाटेने तसेच पळाले. दुसऱ्या जातीचे थबकले; त्यांनी हुंगलं, नव्याने वाट तपासली. म्हणजे तिथे निवडली गेली ती परिस्थितीला सामोरं जायची एक अख्खी रीत, आणि राग हा तिचा एक भाग. ‘आक्रमकता’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो हे इथे दिसतं.

तरीही रंग, कान, जबडा आणि भीती यांना जोडणारा काही धागा असेल का? २०१४ मध्ये विल्किन्स, रँगहॅम आणि फिच या तिघांनी एक उत्तर सुचवलं. गर्भाच्या पाठीच्या कण्याजवळ तयार होणाऱ्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी शरीरभर पसरतात. त्यांच्यापासून त्वचेतल्या रंगपेशी होतात, जबड्याचा आणि कानाचा काही भाग होतो, आणि अधिवृक्क ग्रंथीचा आतला गाभाही होतो. या पेशी कमी पोचल्या तर भीतीची यंत्रणा सौम्य राहील आणि सोबत ठिपके, आखूड जबडा, मऊ कानही दिसतील. कल्पना देखणी आहे. सर्व पाळीव प्राण्यांना ती लागू होते असं अजून दाखवता आलेलं नाही, आणि नोव्होसिबिर्स्कच्या उंदरांतले ठिपके तिच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

प्रयोगाच्या मुळावरच घाव घालणारा आक्षेप २०१९ मध्ये अमेरिकेतून आला. कॅथरिन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी विचारलं: ही खोकडं सुरुवातीला खरोखर रानटी होती का? रुपेरी खोकडांच्या पैदाशीचा धंदा कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १८९० च्या दशकात चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट ओल्टन यांनी उभा केला. तिथून ही खोकडं जगभर विकली गेली, सोव्हिएत देशातही. नोव्होसिबिर्स्कच्या खोकडांचा वंश पूर्व कॅनडाला जाऊन पोचतो हे आनुवंशिक तपासणीतूनही दिसलं आहे. आणि त्या बेटावरच्या १९२० च्या दशकातल्या छायाचित्रांत माणसांना बिलगणारी, ठिपकेवाली खोकडं आहेत. म्हणजे बेल्यायेव यांनी हात पुढे करण्याआधी खोकडांच्या अनेक पिढ्या माणसाच्या हाताखालून गेल्या होत्या. त्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आक्षेपाला उत्तर दिलं. माझं मत असं: हा आक्षेप खरा आहे आणि प्रयोगाला मारक नाही. ‘रानटी प्राण्यापासून पाळीव प्राणी साठ वर्षांत’ ही जाहिरात त्याने मोडते. एकाच कळपातून, एकाच फार्मवर, दोन विरुद्ध दिशांनी निवड केली आणि दोन जाती वेगळ्या झाल्या, संप्रेरकांपासून आवाजापर्यंत, हे मात्र जसंच्या तसं उभं राहतं.

प्रयोग एकदा बुडता बुडता वाचला, तेही सांगायला हवं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैसा आटला. १९९६ मध्ये ७०० खोकडं होती. १९९८ मध्ये त्यांना खायला घालायला आणि कामगारांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत आणि कळप १०० वर आणावा लागला. त्रुत यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका विज्ञान नियतकालिकात लेख लिहून ही अवस्था जगासमोर मांडली. वर दिलेले आकडे त्याच लेखातले. कळप वाचला म्हणून पुढचं काम होऊ शकलं. २००५ मध्ये ब्रायन हेअर यांनी दाखवलं की माणसाळलेल्या खोकडांची पिल्लं माणसाच्या बोटाच्या खुणा कुत्र्याच्या पिल्लांइतक्याच सहज समजतात. २०१८ मध्ये अ‍ॅना कुकेकोवा आणि सहकाऱ्यांनी तांबड्या खोकडाचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. माणसाळलेली, आक्रमक आणि साधी अशी प्रत्येकी दहा खोकडं ताडून पाहिल्यावर फरक दाखवणाऱ्या १०३ जागा निघाल्या. त्यांतलं सॉर्सीएस-१ हे जनुक चेतापेशींमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीशी संबंधित आहे. माणसाळण्याचं एक जनुक सापडलं नाही, आणि सापडण्याची शक्यताही नव्हती. २०२१ मध्ये मेंदूंची मापं घेतली तेव्हा आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पाळीव प्राण्यांचा मेंदू लहान होतो असं आपण मानत आलो. इथे माणसाळलेल्या आणि आक्रमक, दोन्ही जातींत साध्या खोकडांपेक्षा मेंदूतल्या करड्या द्रव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दोन टोकांची निवड, आणि मेंदूत काही बदल एकाच दिशेने. माणसाकडे तीव्रतेने लक्ष लागणं, मग ते प्रेमाने असो वा भीतीने, हेच बहुधा दोन्हीकडे निवडलं गेलं. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आक्रमक जातीची खोकडं आयुष्यभर भीतीत जगतात, आणि ती भीती आपण घडवलेली आहे. ज्ञानासाठी हे करावं का, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण माणसाळलेल्या पिल्लांचं कौतुक करताना शेजारच्या रांगेतल्या या जनावरांचं ऋण मान्य न करणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. ‘आक्रमकता आनुवंशिक असते’ एवढंच वाक्य ऐकून माणसाच्या समूहांकडे बोट दाखवणारे लोक नेहमी भेटतात. आपल्याकडे बोट दाखवून भागलं नाही, कायदाच झाला. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींत जन्मलेलं माणूस जन्मतःच संशयित. हजेरी, परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्या कायद्यातून विमुक्त झाल्या. पण मुंबई राज्यात त्यानंतर सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि चोरी कुठेही झाली तरी पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे आपण सगळे जाणतो.

खोकडांचा प्रयोग ज्या अटींवर उभा आहे त्या या जमातींना लावून पाहा. कुठल्या जमातीत शंभरातल्या चार पुरुषांनाच मुलं होऊ दिली? कुणी कसोटी घेतली, कोणत्या पिढीपासून? सारखं अन्न, सारखी राहणी कुणाला मिळाली? रानावरचा हक्क गेला, मीठ आणि धान्य वाहून नेण्याचा धंदा रेल्वेने घेतला, पाल टाकायला गावाने जागा दिली नाही. यातली एकही गोष्ट जनुकात शोधायला जावी लागत नाही. आणि कायदा लिहिणाऱ्यांचाही आपल्या सिद्धांतावर पूर्ण विश्वास नव्हता, याचा पुरावा कायद्यातच आहे. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. गुन्हा रक्तातच असता तर मूल वेगळं काढून सुधारणार कसं? त्रुत यांनी आक्रमक आईच्या पोटी दुसऱ्या जातीचं पिल्लू वाढवलं, तेव्हा संगोपन काय करू शकतं आणि काय करू शकत नाही हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. सोलापूरच्या कुंपणाआड ते जाणून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही; तिथे उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, आणि मुलांची हजेरी त्याखाली भरली जात होती.